दोन मात्रांची जागा

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी मोजे घ्यायला म्हणून फोर्डम रोडवर आले आणि बुटांच्या दुकानाच्या दारावर टांगलेल्या स्पीकरमधून आईचा आवाज आला. "हळू, पोरी." एवढंच. आई जाऊन पाच वर्षं झाली होती. मी जागच्या जागी थांबले तशी मागून येणारी बाई माझ्यावर आदळली आणि पुढं जाताना म्हणाली, "रस्ता काय आंदण मिळालाय का?" तोवर ठेका एक फेरा घेऊन परत त्याच जागी आला होता आणि आई परत म्हणाली होती, "हळू, पोरी." त्या ठेक्यावर कुणी एक माणूस आपल्या गाडीबद्दल आणि शत्रूंबद्दल भराभर बोलत होता. त्याच्या बोलण्याखाली माझा बास होता, जाड, खालच्या सुरांचं ते चार तारांचं वाद्य. माझे सहा सूर, मग दोन मात्रा काही नाही, मग परत सहा सूर. आणि त्या काही नाहीच्या जागी आई.

बास ऐकून मी थांबले नसते. त्याची मला सवय झाली होती. सत्याऐंशी सालापासून ते सहा सूर मी टॅक्सीत ऐकले आहेत, दाताच्या डॉक्टरकडे ऐकले आहेत, एकदा मांजराच्या खाण्याच्या जाहिरातीत ऐकले आहेत. कुणीतरी आमच्या रेकॉर्डमधून ते कापून घेतं, गोल फिरवत ठेवतं आणि त्यावर आपलं गाणं उभं करतं. ओसाकाहून तीन मुलींनी एकदा फोटो पाठवला होता. तिघी एका ओळीत उभ्या होत्या, गिटार कुणाच्याच हातात नव्हती, आणि मागं लिहिलं होतं की तुमच्यामुळं आम्हांला कळलं, गिटार नसली तरी चालतं. लीड्सच्या एका गृहस्थानं आमच्या त्या दोन रिकाम्या मात्रांवर अकरा पानं लिहिली होती आणि ती मला पोस्टानं पाठवून वर विचारलं होतं की हा मौनाचा विचार तुम्हांला कुठून सुचला. मी उत्तर दिलं नाही. कुणी कौतुक करायला लागलं की माझं लक्ष आधी त्याच्या दुसऱ्या हाताकडं जातं. रेकॉर्डवर त्या जागी मौनच होतं, ते खरं. ती आम्ही शहराच्या मधल्या भागात, एका स्टुडिओत, भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत केली होती आणि आई तेव्हा हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामावर होती. आई फक्त आम्ही घरी भरलेल्या कॅसेटवर होती. ती कॅसेट एकच होती, आणि ती आईच्या घरातून, बटणं ठेवायच्या बिस्किटांच्या डब्यातून कधी बाहेर गेली नव्हती.

म्हणजे ती कुणीतरी बाहेर नेली होती. मोजे न घेताच मी परत निघाले. चालता चालता मला आणखी एक गोष्ट टोचायला लागली. आवाज आईचाच होता, पण जाड केलेला होता. आईचा आवाज बारीक, धारदार, पाचव्या मजल्यावरून खाली रस्त्यावर सुरीसारखा येणारा. हा आवाज आईला सर्दी झाल्यासारखा, किंवा आईच्या जागी तिचा एखादा भाऊ बोलल्यासारखा. फॅशन म्हणून केलं असणार. मेलेल्या बाईचा आवाज घ्यायचा आणि वर तो आपल्या गाण्याला शोभेसा करायचा. हे ज्यानं करू दिलं त्याचं नाव मला त्या क्षणी माहीत होतं, असं मला वाटलं. डेसा. माझी मोठी बहीण. आईच्या मागं त्या घरात तीच राहत होती.

मी कान तपासते. म्हणजे डॉक्टर नव्हे, डॉक्टरांच्या हाताखाली. ग्रँड कॉनकोर्सवरच्या दवाखान्यात काचेची एक बंद खोली आहे, तिच्यात माणूस कानावर यंत्र लावून बसतो, बाहेरून मी एकेक बारीक आवाज सोडते, आणि ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं असतं. अठरा वर्षं हे काम करून मला एक गोष्ट पक्की कळली आहे, की माणसं ऐकू न येताही बटण दाबतात. मी आवाज सोडलेलाच नसतो आणि समोरचे काका माझ्याकडं बघत मान डोलावून बटण दाबतात. मी कागदावर खूण करते. त्या दुपारी मी चार माणसं तपासली आणि चारही वेळा मला वाटत राहिलं की हा खोटं बोलतोय. शेवटची एक म्हातारी तर शांतपणे म्हणाली, "तू माझ्याकडं अशी बघतेस की मी तुझं पाकीट मारलंय."

बुधवारी मी डेसाला फोन केला. उचलला नाही. परत केला, नाही. हे नवीन नव्हतं. दोन वर्षांपासून ती फोन उचलत नव्हती, आणि उचलला तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत स्वतःच बोलायला लागत होती आणि मग "बरं, ठेवते" म्हणून ठेवून देत होती. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला माझ्या घरी आली तेव्हा टेबलाच्या कडेला, सगळ्यांची तोंडं दिसतील अशा जागी बसली आणि जेवणभर माझ्या तोंडाकडं बघत होती. डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं. जसं काही मी काय बोलते त्यातला एकेक शब्द ती मोजून घेत होती. माझ्या नवऱ्याच्या विनोदाला ती सगळ्यांच्या नंतर हसली. तेव्हाच मी मनात म्हटलं होतं, हिच्या पोटात काहीतरी आहे. आता त्या एकेका गोष्टीला अर्थ आला. माणसानं काही लपवलं की तो असाच वागतो, टाळतो, आणि टाळता आलं नाही तर नजर ठेवतो.

आणि डेसाबद्दल असं वाटायची ही काही पहिली वेळ नव्हती. एकोणीसशे ऐंशीच्या ऑक्टोबरात आमची रेकॉर्ड निघाली. पाच गाणी, पांढरं कव्हर, मधोमध आमच्या फ्लॅटचा नंबर, फाइव्ह जे, तेच आमचं नाव. डेसा ड्रमवर, मी बासवर, आणि समोरच्या फ्लॅटमधला चेबो कोंगांवर, म्हणजे हातानं वाजवायच्या उंच ढोलांवर. मी तेव्हा सतरा वर्षांची. कव्हर उलटं केलं तर खाली बारीक अक्षरांत छापलं होतं, सर्व गाणी: ओडेसा पिंकनी. मी ते जिन्यात वाचलं, लिफ्ट बंद होती म्हणून चढताना, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे. तिथला दिवा कुणीतरी फोडलेला होता, मी कव्हर खिडकीकडं धरलं आणि परत वाचलं. ते सहा सूर माझे होते. मी ते आईच्या शिवणाच्या मशीनशेजारी, पलंगाच्या कडेवर बसून, बासवर नुसती बोटं ठेवून शोधले होते. वर पोचले तर डेसा दार उघडून हसत उभी होती. "वाचलंस?" ती म्हणाली. मी म्हटलं, "वाचलं." ती आणखी काहीतरी सांगणार होती, पण मी सरळ आत गेले आणि हात धुवायला लागले. पुढच्या मार्चमध्ये मी बँड सोडला. तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात नंबर लागलाय म्हणून सांगितलं. नंबर खरंच लागला होता, त्यामुळं खोटं बोलायचीही गरज पडली नाही. लीड्सच्या गृहस्थांनी लिहिलं आहे की पाच गाण्यांत सांगायचं ते सगळं सांगून झालं म्हणून ही माणसं गप्प झाली, आणि गप्प व्हायचं केव्हा हे कळणं हीच त्यांची देणगी.

गुरुवारी काम सुटल्यावर मी चेबोकडं गेले. तो आता स्टेडियमजवळच्या एका इमारतीची देखभाल करतो, तळघरातच त्याची एक खोली आहे आणि बॉयलरशेजारी खुर्ची. नाव युसेबियो आयाला, पण युसेबियो म्हणून हाक मारणारं आता त्याच्या बायकोशिवाय कुणी उरलेलं नाही. मला जिन्यावरून उतरताना बघून त्यानं पाना खाली ठेवला.

"डेल पिंकनी. अजून पोलिसासारखी चालतेस."

"तू गाणं ऐकलंस?"

"कुठलं? आपलं का? माझी मुलगी दिवसातून वीस वेळा लावते. मी तिला म्हटलं, यात कोंगा वाजवणारा तुझा बाप आहे. तर म्हणते, पपा, थापा मारू नकोस, तुला तर साधी टाळी ठेक्यात येत नाही." तो स्वतःच हसला. "बस ना. खुर्ची पुसतो."

मी बसले नाही. "त्यात आई आहे, चेबो."

"आहे ना. तुझी आई. दोन्या इनेस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातली पिशवी खाली ठेवली. वाटलं, आता म्हणणार, चेबो, पाय पुसून ये."

"ती कॅसेट कुणी दिली?"

तो पाना उचलून फडक्यानं पुसायला लागला. तो पुसलेलाच होता. "डेसाला विचार," तो म्हणाला.

"तुला माहीत आहे."

"मला एवढंच माहीत आहे की एक मुलगी आली होती, केस अगदी बारीक कापलेली, गाणी बनवते. माझ्याकडंही आली होती. मला विचारत होती की तुम्ही इतकं कमी का वाजवायचा. मी सांगितलं, खाली मिस्टर टॉलिव्हर झोपलेले असायचे म्हणून. तिनं ते लिहून घेतलं. वाटलं असेल टॉलिव्हर म्हणजे कुणी मोठा गुरू."

मला हसू यायला हवं होतं. खरं तेच होतं. मिस्टर टॉलिव्हर रात्रभर हंट्स पॉइंटच्या भाजीबाजारात पोती उतरवायचे आणि दिवसा आमच्या बरोबर खालच्या खोलीत झोपायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, म्हणूनच आईला त्यांची भीती. ड्रमवर ब्लँकेट टाकलेलं असायचं, झांजा तर नव्हत्याच, कारण ते ड्रम आम्हांला आग लागलेल्या एका छोट्या चर्चमधून मिळाले होते आणि झांजा त्यात तडकल्या होत्या. चेबो बोटांच्या टोकांनी वाजवायचा. आणि मी जरा रंगात आले की स्वयंपाकघरातून आई म्हणायची, हळू, पोरी, माणूस झोपलाय. फेब्रुवारीत एका दुपारी चेबोच्या भावाचा टेपरेकॉर्डर आणून आम्ही ते गाणं भरलं तेव्हा सहाव्या सुरानंतर ती तसंच म्हणाली. मी दचकून हात उचलला, दोन मात्रा गेल्या, डेसा आणि चेबो थांबले नाहीत म्हणून मी परत समेवर धरलं. ऐकताना चेबो म्हणाला, हे चांगलं लागतंय. त्यानंतर मी दर फेऱ्याला तिथं हात उचलत राहिले. पुढं मँचेस्टर आणि टोकियो आणि कुठं कुठं पोरं त्या जागी हात उचलायला शिकली. आमच्या घरात ती जागा आईची होती.

"तू तिला पाठीशी घालतोस," मी म्हटलं. "तेव्हाही घालायचास. लिफ्ट बंद असली की तिचे ड्रम पाच मजले चढवायचास. माझा ॲम्प्लिफायर कधी उचललास?"

"तू हात लावू द्यायची नाहीस."

"कव्हरवर तिचं एकटीचं नाव आलं तेव्हाही तू गप्प होतास."

बॉयलरनं धाडकन आवाज केला आणि पेटला. चेबो अगदी सावकाश म्हणाला, "ते अजून आहे होय तुझ्या डोक्यात? डेल, मी होतो तिथं. तो रेकॉर्डवाला म्हणाला, सही अठराच्या वरच्या माणसाची लागते. मी सतरा, तू सतरा, तू तर त्या दिवशी शाळेत होतीस. डेसानं तिघांची नावं लिहून दिली. तो म्हणाला, जिची सही तिचं नाव, नाहीतर वकील आणा. ती भांडली त्याच्याशी. शेवटी म्हणाली, पुढच्या रेकॉर्डला डेल अठराची होईल, तेव्हा सगळं तिच्या नावावर घालू."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कुणाला?"

मी जिना चढून वर आले. बाहेर अजून उजेड होता. दोन वर्षांनी माणसं भेटली की गोष्ट जुळवून ठेवतात हे मला माहीत होतं. बावीस वर्षांत तर कितीतरी नीट जुळवता येते. तिनंच चेबोला फोन करून सांगितलं असेल, डेल येईल, विचारील. पण डेसा फोन करत नाही. मग तो गेला असेल तिच्याकडं. मी गाडीत बसून होते आणि माझ्याच डोक्यात हे एकेक सांधे जुळत होते आणि मला जाणवत होतं की ते फार सफाईनं जुळतायत. एखादी गोष्ट इतकी सफाईनं जुळायला लागली की तपासणीच्या खोलीत मी समोरच्यावर विश्वास ठेवत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र तसं करायचं मला सुचलं नाही. घरी येऊन मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. तो म्हणाला, "चेहरा का असा?" मी म्हटलं, "कसा?"

रविवारी चर्च सुटायच्या वेळेचा अंदाज घेऊन मी आईच्या घरी गेले. लिफ्ट चालू होती. बेल वाजवली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे ती होती. परत वाजवली. दार ठोठावलं. भांडी वाजतच होती. मी दारावर मूठ आपटली तेव्हा समोरच्या फ्लॅटची बाई डोकावून म्हणाली, "तिला वेळ लागतो गं." कशाला वेळ लागतो, काय आवरायचं असतं तिला, हे विचारायला मी वळले तेवढ्यात डेसा कचऱ्याची पिशवी घेऊन दार उघडून बाहेर आली आणि मला बघून एकदम मागं सरली.

"किती वेळ उभी आहेस?"

"बराच."

"ये, ये. बटर बीन्स टाकलेत, भात होतोच आहे. तुला सांगते, आमच्या नव्या पाद्रीबाबांनी आज तासभर बडबड केली, कशावर विचारू नकोस, आणि मिसेस ग्रेव्हली मधेच झोपली, घोरत होती म्हणे, तिच्या सुनेनं तिला अशी कोपरखळी मारली..." ती बोलत सुटली. कोट घेताना बोलत होती, पिशवी टाकून येताना बोलत होती, ताटं काढताना बोलत होती. टीव्ही चालू होता, आवाज पूर्ण बंद, खाली अक्षरं पळत होती. घरात दुसरं कुणी असलं तर कानोसा घेता यावा म्हणून आवाज बंद ठेवतात, असं माझ्या मनात आलं. मी तिच्या पाठीमागून स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, "डेसा, आईची कॅसेट कुठं आहे?"

"मीठ बेतानंच टाकलंय," ती भांड्यावर वाकून म्हणाली. "डॉक्टरांनी कमी सांगितलंय ना."

मी अशा निर्लज्जपणाला काय म्हणतात ते शोधत उभी राहिले. मग सरळ आतल्या खोलीत गेले. आईचं कपाट तसंच होतं, वरच्या फळीवर निळा डबा तसाच. झाकण काढलं. बटणं, सुयांची पुडी, कागदाच्या पट्टीवर गुंडाळलेली लेस, आणि त्याखाली कॅसेट. तीच. तिच्यावर आईचं तिरपं अक्षर, "पोरी, फेब्रुवारी". मला ती तिथं सापडायला नको होती. इतके दिवस मी धरून बसले होते ते सगळं ती तिथं नसण्यावर उभं होतं. कॅसेट हातात घेऊन मी बाहेर आले. डेसानं ती बघितली, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि तिचं बोलणं थांबलं.

"लाव," ती म्हणाली आणि फळीवरचा टेपरेकॉर्डर काढून टेबलावर ठेवला. तो तिथं हाताशीच होता, आणि त्याच्यावर धूळ नव्हती.

मी लावला. आधी खरखर, मग चेबोचं खोकणं, मग डेसाचा ठेका, ब्लँकेटखालून येणारा, आणि मग माझा बास, सतरा वर्षांच्या मुलीचा, जरा घाबरट. डेसानं एक हात टेबलावर पसरून ठेवला होता, तळवा खाली, आणि ती कॅसेटच्या फिरणाऱ्या चाकांकडं बघत होती. तिचं बोट हलत होतं. सहावा सूर झाला. आई म्हणाली, "हळू, पोरी. माणूस झोपलाय." बारीक, धारदार, लांबून, जशी ती होती तशी. मी डेसाकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. बास परत सुरू झाला. मग तिनं मान वर करून मला विचारलं, "आली का ती?"

मी बटण दाबून मशीन बंद केलं.

"इथंच कुठंतरी येते," डेसा म्हणाली. "मी मोजते. तुझे सहा झाले की ती. तुझा बास मला ऐकू येतो, टेबलातून तर चांगलाच येतो. माझा ड्रम येतो. आई नाही येत. तीन वर्षांपूर्वी जरा जरा यायची, कान अगदी लावला की. मग तेही गेलं."

बारीक आवाज आधी जातात. हे मी दिवसातून दहा लोकांना सांगते, कागदावरची उतरत जाणारी रेष दाखवून सांगते. आधी पक्षी जातात, मग बायकांचे आवाज, मग स आणि फ आणि त, आणि ठेका शेवटपर्यंत राहतो. ज्यांचं असं होतं ती माणसं फोन टाळतात. सगळ्यांची तोंडं दिसतील अशी जागा धरतात. सगळ्यांच्या नंतर हसतात. आणि दुसऱ्याचं ऐकावं लागू नये म्हणून स्वतःच बोलत सुटतात. अनोळखी माणूस दारातून आत आला तर मला तीन मिनिटांत कळतं. हे सगळं माझ्यासमोर माझ्या टेबलावर जेवत होतं आणि मी त्याला लबाडी म्हणत होते.

"कामावरची, लाँड्रीतली मशीनं," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं. आणि त्याआधी हे." तिनं हवेत दोन काठ्या मारल्यासारखं केलं.

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, आणि मग लक्षात येऊन तिच्याकडं तोंड करून परत म्हटलं, "मला का नाही सांगितलंस, डेसा? माझं कामच ते आहे."

"म्हणूनच. तू मला त्या काचेच्या खोलीत बसवलं असतंस आणि बाहेरून बघितलं असतंस." तिनं टेबलावरचा एक तांदळाचा दाणा बोटानं उचलला. "तू बघतेस तेव्हा माणसाला चोरी केल्यासारखं वाटतं गं. लहानपणापासून."

मग तिनं त्या मुलीचं सांगितलं. केस बारीक कापलेली मुलगी चेबोचा पत्ता शोधत आली, तिथून इकडं. रेकॉर्ड तिला पाठच होती. तिची आई तिला पोटात असताना म्हणे तीच ऐकायची. डेसानं तिला ही कॅसेट ऐकवली, तेव्हा ती मुलगी रडली. डेसा म्हणाली, "मी तिला म्हटलं, यातलं तुला भरून ने म्हणते, पण एक अट आहे. यातली जी बाई बोलते, तिला मला ऐकू येईल असं कर. पोरगी तीन वेळा आली. मशीन घेऊन यायची, कानाला लावायची, मी मान हलवायची, नाही येत. आवाज खाली आणत गेली, खाली आणत गेली, जाड करत गेली. तिसऱ्या वेळेला ती बाई ऐकू आली. आई नाहीच वाटत ती, मला माहीत आहे. म्हातारा पुरुष बोलल्यासारखं वाटतं. पण शब्द तेच आहेत ना? हळू, पोरी?"

"तेच आहेत," मी म्हटलं.

"मी तुला सांगणार होते. फोनवर सांगता येत नव्हतं. पत्र लिहायला घेतलं, तर वाटलं, तू म्हणशील परत सगळं आपल्याच मनानं केलं हिनं." ती उठली आणि चुलीकडं गेली, भाताखालचा गॅस बंद करायला. माझ्याकडं तिची पाठ होती. केस मागून पातळ झाले होते. ॲप्रनची गाठ तिनं आईसारखी बाजूला मारली होती.

आणि मी बोलायला लागले. मी म्हटलं, मी कॉलेजसाठी नाही सोडलं. मी कव्हर वाचलं, जिन्यात. मला वाटलं, तू माझं घेतलंस. तू दारात हसत उभी होतीस आणि मला ते हसू चोराचं वाटलं. बावीस वर्षं मी तुझ्या प्रत्येक गोष्टीत तेच बघत आले. आईच्या आजारपणात तू तिच्याजवळ राहिलीस तर मला वाटलं, घरासाठी राहिलीस. चेबोनं परवा मला खरं सांगितलं आणि मी त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही. आजही मी इथं तुला पकडायला आले होते. आपण आणखी वाजवलं असतं. मी तुला एकदा विचारायला हवं होतं, एकच वाक्य, आणि मी हात धुवायला गेले. हे सगळं मी साध्या आवाजात, न अडखळता म्हटलं. इतकं सोपं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. डेसानं झाकण काढून भात बघितला, काट्यानं मोकळा केला, दोन ताटांत वाढला. ताटं घेऊन ती वळली आणि माझा चेहरा बघून थबकली.

"काही म्हणालीस का?"

नाही म्हणता आलं असतं. ती जेवायला बसली असती, मी तिला श्रवणयंत्राबद्दल सांगितलं असतं, पुढच्या मंगळवारची वेळ दिली असती, आणि ते सगळं चांगलंच झालं असतं. मी तिच्या हातातली ताटं घेऊन टेबलावर ठेवली. माझी खुर्ची ओढून खिडकीसमोर आणली, उजेड तोंडावर पडेल अशी, आणि तिला समोर बसवलं. तिनं ॲप्रनला हात पुसले, चष्मा लावला आणि माझ्या ओठांवर नजर ठेवून थांबली. मी पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी ते सोपं नव्हतं. एकेक शब्द सुटा करून, तोंड नीट उघडून म्हणावा लागत होता, आणि असा म्हटला की तो फार मोठा होत होता. मी जिन्यापाशी आले, कव्हरपाशी आले, आणि म्हणाले, "म्हणून मी सोडलं."

डेसानं चष्मा नाकावर वर सारला आणि आणखी थोडी पुढं झुकली.

"परत म्हण," ती म्हणाली.

तिला ऐकू आलं नव्हतं की खरं वाटलं नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावरून कळायला काही मार्ग नव्हता. मी परत म्हटलं.